महाजन मास्तर आणि सातवी गाडी

महाजन मास्तर कुणाच्याही घरी गेले की खुशाली विचारण्याआधी समोरच्या वस्तूला बोट लावायचे. तांब्या असो, समई असो, फडताळावरची डब्यांची चळत असो. तिच्या अगदी वरच्या टोकाला उजव्या हाताचं बोट टेकवून ते हळूच ढकलायचे आणि मान तिरकी करून बघत राहायचे. वस्तू डुलून पुन्हा जागेवर आली की "छान" म्हणायचे. पडली की "बघा" म्हणायचे. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा "बघा" म्हणाले, आणि माझ्या बायकोच्या माहेरची चिनी मातीची बरणी लोणच्यासकट जमिनीवर आली. त्यानंतर मास्तर येणार म्हटलं की आमच्या घरात दिवाळीसारखी आवराआवर व्हायची.

इंग्रजी अमदानीतली शेवटची वर्षं. बुऱ्हाणपुरात आमची शाळा शहराच्या कोटाला लागून होती. मी इतिहास आणि मराठी शिकवायचो, मास्तर पदार्थविज्ञान. आमच्या दोन वर्गांच्या मधली भिंत पातळ होती, त्यामुळे माझ्या वर्गात अकबर अशीरगडाला वेढा घालत असताना पलीकडून "पडलं का? का पडलं?" असं ऐकू यायचं आणि माझी मुलं खुसूखुसू हसायची. माझा वेढा त्या हसण्यात कित्येकदा उठला.

मास्तर उंच होते. नुसते उंच नव्हे, तर बांधणाऱ्याला थांबायचं भानच राहिलं नाही असे उंच. त्यावर वर्षानुवर्षं तीच पांढरी पगडी. खाली पाय मात्र बारके. "देवानं मला आमच्या विषयात वाईट उदाहरण म्हणून बनवलंय," असं ते स्वतःच सांगायचे. उभं राहणं त्यांना मनापासून आवडत नसे. बोलायचं असेल तर आधी खाली बसायचे आणि समोरच्यालाही बसवायचे. रस्त्यात भेटले तर कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे. त्यांचं सगळं शास्त्र त्या दोन शब्दांत होतं: खाली बसा. पोरांनी त्यांचं नावच 'बसा मास्तर' ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"प्रत्येक वस्तूचं वजन एका ठिकाणी गोळा झालेलं असतं," ते वर्गात सांगायचे. "त्याचं नाव गुरुत्वमध्य. तिथून ओळंबा सोडा. ओळंबा पायाच्या आत पडला तर वस्तू उभी. बाहेर गेला की वस्तू आडवी. वजन जितकं खाली, पाया जितका रुंद, तितकी ती पडायला नाखूश. झालं, एवढंच आहे. बाकी पुस्तक परीक्षेसाठी."

माणसांनाही ते हाच हिशोब लावत. आमच्या हेडमास्तरांचं वजन त्यांच्या मते पगडीत होतं, म्हणून ते उठसूट चिडत. "तुमचं पोटात आहे," मला म्हणाले, "तुम्ही सुखी राहाल." आता ही स्तुती होती की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

एकदा माझ्या पुतणीच्या लग्नात द्यायची समई घ्यायला त्यांच्याबरोबर कासाराच्या दुकानात जायची अवदसा मला आठवली. कासार हौसेनं एकेक समई पुढे मांडत होता. एकीवर मोर, एकीवर हंस, एकीचा दांडा कमरेइतका. मास्तर नक्षीकडे ढुंकूनही न बघता एकेकीच्या डोक्याला बोट लावत होते. मोरवाली आडवी झाली, जाता जाता हंसवालीला घेऊन गेली. दुकानात देवळाच्या आरतीएवढा घणघणाट झाला. शेवटी कोपऱ्यातली एक बुटकी, जाड बुडाची, काळवंडलेली समई तेवढी बोटाला दाद देईना. मास्तरांनी तीच उचलली.

"अहो मास्तरसाब, ही तर नमुन्याची आहे! रद्दी माल!" कासार कळवळला. "लग्नाच्या घरात शोभेल का?"

"लग्नाच्या घरात पोरं धावतात, बायकांचे पदर लागतात," मास्तर म्हणाले. "समई पडून घर जळाल्यावर शोभा काय करायची आहे?"

पुतणीच्या सासरी ती समई सगळ्यांनी नाकं मुरडून घेतली. पुढे एका दिवाळीत धावत्या पोराचा धक्का तिला लागला, ती डुलली आणि परत उभी राहिली, असं पुतणीनं सांगितलं तेव्हा मास्तर आठवडाभर खुशीत होते.

इन्स्पेक्टरची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. शाळा तपासायला गोरा साहेब आला होता. त्या काळी असा साहेब वर्गात आला की इतर मास्तर धडा विसरत, पोरं पुतळे होत. हा साहेब खुर्चीवर ताठ बसला होता, गिळलेली काठी बाहेर काढायची राहून गेल्यासारखा. महाजन मास्तर त्याच्यापुढे गेले, नम्रपणे वाकले आणि इंग्रजीत म्हणाले, "साहेब, एक प्रयोग. असेच ताठ बसा. पाय पुढेच राहू द्या, खुर्चीखाली घेऊ नका. आता पुढे न वाकता उठा."

साहेब हसला. मग उठायला गेला. उठेना. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, बूट जमिनीवर घासले. साहेब आपला खुर्चीतच. दारात उभे असलेले आमचे हेडमास्तर मनातल्या मनात बदलीच्या गावाला पोचले होते.

"वजन खुर्चीवर आहे, पाय पुढे आहेत," मास्तर शांतपणे म्हणाले. "वजन पायांवर आणल्याशिवाय उठता येत नाही. त्यासाठी वाकावं लागतं, साहेब. कुणालाही."

साहेबानं एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा पोरांकडे. मग सावकाश पुढे वाकला आणि उठला. पोरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की कोटावरची कबुतरं उडाली. साहेबानं शेरा चांगला दिला म्हणतात. हेडमास्तरांना मात्र तीन दिवस ताप होता.

आता सुपडूकडे यायला हवं, कारण त्याच्याशिवाय महाजन मास्तर पुरे होत नाहीत. सुपडू आमच्या शाळेचा शिपाई. घंटा द्यायचा, पाणी भरायचा. ठेंगणा, रुंद, पाय फाकून उभा राहणारा. मास्तरांच्या मते शाळेतला सगळ्यात स्थिर माणूस. रोज सकाळी आल्या आल्या ते त्याच्या खांद्याला बोट लावून ढकलायचे. सुपडू तसूभर हलायचा नाही आणि म्हणायचा, "हाव मास्तरसाब, पक्का आहे." मग मास्तर वर्गात जायचे. ती त्यांची पूजाच होती म्हणा.

त्या वर्षी होळीच्या सुमारास एका सकाळी मास्तरांनी बोट लावलं आणि सुपडू हलला.

मास्तर तिथेच पायरीवर बसले. "खाली बैस," त्याला म्हणाले. "काय झालं ते सांग."

शाळेत पाणी भरणारा सुपडू वर्षातून एक दिवस त्याच्या गावात खंडोबाचा भगत असायचा. गाव जसोंडीच्या वाटेवरचं, लहानसं. चैत्रात तिथे बारा गाड्या ओढतात. बैल सोडून दिलेल्या बारा गाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांत नवसाची माणसं चढायची आणि अंगात देव आलेल्या भगतानं कमरेला दोर बांधून ती सगळी माळ देवळापर्यंत ओढून न्यायची. दोन्ही बगलांना धरायला दोन माणसं, त्यांना बगले म्हणतात. हा मान सुपडूच्या पणज्यापासून त्यांच्या घरात होता. मागच्या चैत्रात वळणावर सातवी गाडी कलंडली. दोघांचे हात मोडले. गाव म्हणू लागलं, देव या घरावर नाराज आहे.

"पंचांनी सांगून टाकलं," सुपडू म्हणाला. "औंदा एक बी गाडी पडली तं मान चुलत्याच्या घरी जाईन. मास्तरसाब, शाळेत मी शिपाई आहे, ते ठीक आहे. पण तो एक दिवस मी कोनी तरी असतो. तो गेला तं मंग मले काय राहिलं?"

मीही शेजारी टेकलो. मास्तरांनी विचारलं, "गाडीत माणसं बसली होती की उभी होती?"

"बसतंय कोन मास्तरसाब! सारे उभेच राहतात. हळद उधळा लागते, येळकोट म्हना लागते."

"देव नाराज नाही सुपडू," मास्तर म्हणाले. "ओळंबा बाहेर गेला होता."

रविवारी आम्ही दोघं छकड्यातून सुपडूच्या गावी गेलो. वळणावर जमिनीतून एक खडक वर आलेला होता. डावं चाक त्यावर चढायचं, गाडी उजवीकडे झुकायची, आणि उभ्या माणसांचं सगळं वजन चाकाच्या बाहेर जायचं. मास्तर खूश झाले. खडक फोडून टाका म्हणाले. गाव हादरलं. त्या खडकावर खंडोबाच्या घोड्याच्या टापेचा ठसा होता. बरं, वाट बदला म्हणाले. देवाची वाट बदलायची? तेही नाही.

मग मास्तर चावडीसमोर खाली बसले. पोरांकडून ज्वारीच्या ताटांची खेळातली गाडी घेतली, तिच्यात कणसं उभी केली, वाटेत दगड ठेवला आणि गाडी ओढली. कणसांसकट कलंडली. तीच कणसं आडवी ठेवून ओढली. गेली डौलात. गावकऱ्यांना हा खेळ इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा पुन्हा करायला लावला, पण दर वेळी पहिलाच भाग, गाडी पडायचा. शेवटी सुपडूची आई, गिरजामाय, पुढे आली. गावातल्या यात्रेचा सगळा स्वयंपाक तिच्या हाताखाली व्हायचा, त्यामुळे तिच्यापुढे गावचे जमीनदार मालगुजारही जपून बोलायचे.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची गाडी पडली, कबूल. पन तुमच्या गाडीत देव कुठी होता?"

मास्तरांनी ताटांची गाडी पोरांना परत केली. आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सुपडूला गाठलं. "अंगात आल्यावर तू जे बोलशील ते गाव ऐकतं ना? मग सगळे खाली बसा, एवढंच म्हण."

सुपडू दुखावला. "तवा मी नही बोलत मास्तरसाब. देव बोलतो. देवाले मी कसा सांगू, की हे बोल म्हनून?"

मास्तर त्याच्या शेजारी खाली बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. चूक माझी." आपला मान पणाला लागला असताना खोटं बोलायला नकार देणाऱ्या त्या माणसाबद्दल मला जे वाटलं, ते आजही वाटतं. त्याच्यापुढे आम्ही दोघं शिकलेले जरा हलकेच होतो.

पुढचे काही दिवस मास्तरांचं कशात लक्ष नव्हतं. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वरण आणि कणकेच्या जाड, कोरड्या बट्ट्या असा बेत होता. मास्तर येरझारा घालत होते, हे त्यांच्या बाबतीत आजारपणाचंच लक्षण. "शेकडो माणसांना बसवायचं कसं? सांगून बसत नाहीत, दाखवून बसत नाहीत..."

मास्तरांच्या पत्नी यमुनावहिनी वरणाची वाटी घेऊन त्यांच्यामागे दोनदा फिरल्या. तिसऱ्यांदा थांबल्या. "अहो, आधी खाली बसा बघू. उभ्यानं जेवतं का कुणी? बसाल तेव्हा वाढीन."

मास्तर एकदम थबकले. मग आपण होऊन मांडी घातली, पान समोर ओढलं आणि पानाकडे असं बघत राहिले की वहिनींना वाटलं, बट्टी कच्ची राहिली. "पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"जे म्हणालीस ते."

त्या रात्री मास्तर पाच बट्ट्या जेवले.

बेत साधा होता. देवळात पोचल्यावर जी पंगत बसायची, ती गाड्या निघण्याआधी गाड्यांतच बसवायची. आमच्या मुलखात प्रसादाचं पान हातात पडल्यावर उभा राहील असा माणूस जन्मलेला नाही. शिवाय मांडी घातलेला माणूस जागा फार खातो, म्हणजे गाडीत माणसं निम्मीच मावणार आणि सुपडूचं ओझं तेवढं कमी. पण देवाच्या आधी माणसं कशी जेवणार, म्हणून पंच अडून बसले. तिथे गिरजामाय धावून आली.

"नैवेद्य आधी दाखवा ना देवाले. मंग देव जेवला का नही? मंग तुम्ही काब्रं उपाशी राहता?" आणि मास्तरांकडे वळून हळूच म्हणाली, "आता तुमच्या गाडीत देव आहे."

चैत्रातला तो दिवस. बारा गाड्या उभ्या राहिल्या. गिरजामायच्या बायका पत्रावळी घेऊन फिरल्या, आणि आजवर कुणी न पाहिलेलं दृश्य दिसलं: बाराही गाड्यांत माणसं मांडी घालून, मांडीवर पान सांभाळून, लग्नातल्या व्याह्यांसारखी बसली होती. पहिल्या गाडीत मालगुजार तेवढे मानाप्रमाणे उभे होते. सगळ्यांसारखं बसून जेवायचं म्हणजे काय! पण पान नाकारणार कसं? त्यांनी ते एका हातात धरलं. दोर बांधताना गाडी हलली, वरण अस्तनीतून कोपरापर्यंत गेलं, आणि मालगुजार मुकाट्यानं बसले.

सातव्या गाडीत मास्तर होते, शेजारी मी. त्यांनी पान घेतलं नव्हतं. गाडीच्या कठड्याला बोट लावून ते डोळे मिटून बसले होते. मी मात्र जेवत होतो. शास्त्राला मदत म्हणून.

पुढे सुपडू. हळदीनं माखलेला, डोळे वेगळेच झालेले, कमरेला दोर. बगल्यांनी धरलं, गाड्या सुटल्या. उताराला छान निघाल्या. आणि वळण आलं. पहिली गाडी खडकावरून गेली. दुसरी. डावं चाक चढायचं, गाडी झुकायची, माणसं पानं पोटाशी धरून आणखीच खाली दबायची, आणि गाडी सरळ व्हायची. सहावी गेली. सातव्या गाडीचं चाक खडकावर चढलं. त्याच वेळी पुढे सुपडू थांबला.

गुडघ्यावर आला. बारा गाड्या थांबल्या. आम्ही तिरके, खडकावर टांगलेले.

आणि माझ्या लक्षात आलं, की भोवती केवढी शांतता आहे. दरवर्षी येळकोटाच्या गजरानं भगताच्या अंगात बळ येतं. या वर्षी गजर करणार कोण? गाड्यांतल्या प्रत्येकाच्या तोंडात बट्टी होती. बट्टी ही काही चटकन गिळायची वस्तू नव्हे. ज्यांना गाडीत जागा मिळाली नाही त्यांनी, वाढायला सुरुवात झालीच आहे म्हणून, मागेच पंगती मांडल्या होत्या. डफवालेही त्यांच्यात जाऊन बसले होते. सगळं गाव चावत होतं आणि पुढे एक माणूस हळदीच्या घामात गुडघ्यावर बसून, ज्याच्यासाठी तो वर्षभर पाणी भरतो ते सगळं हरायला निघाला होता. मी तोंडातला घास ढकलायचा प्रयत्न केला. ठसका लागला.

तेव्हा महाजन मास्तर उठले.

तिरक्या गाडीत, खडकावर, ते उंचच्या उंच मास्तर सरळ उभे राहिले. पगडी मागच्या मागे पडली. दोन्ही हात वर करून, जन्मात कधी वर्गातही चढवला नव्हता एवढा आवाज चढवून ओरडले, "येळकोट येळकोट जय मल्हार! सुपडू! ऊठ! पुढे वाक आणि ऊठ!"

सुपडूनं मान वर केली. देवानं ऐकलं की सुपडूनं, ते मला ठाऊक नाही. तो पुढे वाकला, दोर ताणला गेला, आणि उठला. गाड्या हलल्या. आमची गाडी खडकावर कलली, मास्तर वरच्या वर झुलले, आणि आतापर्यंत गावाचे घास गिळून झाले होते. बाराच्या बारा गाड्यांतून एकच आरोळी उठली:

"मास्तर, खाली बसाऽ!"

मास्तर बसले नाहीत. गाडीही पडली नाही. सगळे खाली बसले होते म्हणून एकट्याला उभं राहता आलं, हे मला नंतर कळलं. त्यांना ते उठतानाच कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. देवळापाशी सुपडूनं हळदीच्या हातांनी त्यांचे पाय धरले तेव्हा ते रडत होते, एवढं खरं.

दुसऱ्या सकाळी शाळेत त्यांनी सुपडूच्या खांद्याला बोट लावलं. "हाव मास्तरसाब," तो म्हणाला, "पक्का आहे."

त्याच उन्हाळ्यात मास्तर निवृत्त झाले आणि मुलाकडे नागपूरला गेले. तिथेच वारले. शेवटच्या दिवसांत त्यांना मी पाहिलं नाही, आणि पाहायचं राहिलं याचं मला वाईट वाटतं.

बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा त्या यात्रेला गेलो. मान अजून सुपडूच्याच घरात होता, आता त्याचा मुलगा ओढत होता. पंगत गाड्यांतच बसते, तो आता देवाचाच रिवाज झाला आहे. मला म्हातारा म्हणून सातव्या गाडीत जागा दिली. वळण आलं. चाक खडकावर चढलं, आणि आमच्या गाडीतला एक उंचसा जवान अचानक उठून उभा राहिला, हात वर करून "येळकोट!" ओरडला.

लगेच बाराही गाड्यांतून, मागच्या पंगतींतून, झाडावर चढलेल्यांतून आरोळी आली: "मास्तर, खाली बसाऽ!"

मी शेजारच्याला विचारलं, "हा कुठल्या शाळेत मास्तर आहे?"

"कोन? हा? हा तं तेली आहे," तो म्हणाला. "इथी असंच म्हना लागते बाबा. पहिल्यापासून आहे. नही म्हटलं तं गाडी पडते."

तो जवान अजून उभाच होता, डोक्यावर हळद, दोन्ही हात वर, झुलत. मी घाईघाईनं तोंडातली बट्टी गिळली आणि होता तेवढा आवाज काढून ओरडलो.